शकरमोच्या हातचे मोजे

मी फरशीवाला माणूस. मॉस्कोत अकरा वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या. चौकोन आखलेला नकाशा हातात द्या, कुठून सुरुवात करायची आणि कुठे तुकडा कापावा लागेल ते मी उभ्याउभ्या सांगेन. त्यामुळे नक्षी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही अशी माझी समजूत होती. या हिवाळ्यात पाच सुया आणि दोन गुंडे लोकर यांनी माझी मस्ती पार उतरवली.

आधी मी घरात कसा अडकलो ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या कागदांत काहीतरी खोट निघाली आणि मला विमानात घालून परत पाठवलं. पासपोर्टावर शिक्का मारला, पाच वर्षं रशियात पाऊल टाकायचं नाही. आमच्या बार्तांगच्या डोंगरी खोऱ्यात माझ्यासारख्याला काम ते काय? चार वाफे बटाटे, सात मेंढ्या आणि छपरावरचा बर्फ ढकलणं. इथली घरं मातीची. त्यांत फरशी कोण बसवणार, माझा आजा? आठ महिने मी भिंतीकडे बघत बसलो. मग एक दिवस शकरमो, माझी बायको, म्हणाली, "तू बस. मी जाते." आम्ही शाळेत एका बाकावरचे, त्यामुळे घरात अरेतुरेच चालतं. ती गेली. मॉस्कोत एका इस्पितळात फरशी पुसते. मीच बसवलेली फरशी ती पुसत नसेल कशावरून?

पण वर्षभरात तिचेही कागद संपले. शहरात खाली मान घालून राहिली तर कुणी विचारत नाही, पण घरी यायला निघाली की सीमेवरच्या खिडकीत तोच शिक्का. म्हणजे मला आत जाता येत नाही आणि तिला बाहेर येता येत नाही. असला संसार चाललाय आमचा.

अशात आमच्या लेकीचं, सावसनचं लग्न ठरलं. नवरोजनंतर, म्हणजे आमच्या वसंतातल्या नव्या वर्षानंतर पंधरा दिवसांनी. मुलगा चांगला, खालच्या गावचा, शाळेत शिकवतो. सगळं ठीक होतं. आणि मग मोज्यांचा विषय निघाला.

आमच्या गावात नवरदेवाच्या पायात मुलीच्या घरचे मोजे घालतात. गुडघ्यापर्यंतचे, लोकरीचे, घराच्या स्वतःच्या नक्षीचे. ते मुलीची आई विणते. लोकर घरच्या मेंढीची हवी. पहिला टाका घराच्या छपरातल्या झरोक्याखाली पडला पाहिजे आणि शेवटचाही तिथेच. म्हणजे शकरमोनं मॉस्कोत विणून पाठवायची सोय नाही. नवरीनं स्वतः त्या सुयांना हात लावायचा नाही. आणि शेजारणीकडून करून घ्यावेत तर ती दुसऱ्या घराची झाली.

"मग करायचं काय?" मी आईला विचारलं.

माझी आई चुलीशी बसली होती. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेल्यात जमा आहेत, बोटं आखडलीत, पण जीभ मात्र शाबूत आहे. "तू कर," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय मी करू? घरच्या माणसाचा हात हवा म्हणतात. माणूस म्हणतात, बाई नाही म्हणत. तुझे हात काय भाड्यानं दिलेत? तीन वर्षं नुसता चहा ढोसतोयस."

सावसन फिसकन हसली. मग गप्प झाली, कारण तिला कळलं की आजी थट्टा करत नाहीये.

दुसऱ्या दिवशी आईनं मला झरोक्याखाली बसवलं आणि सुया हातात दिल्या. खालच्या गावांत मोजे आकडीनं करतात, आमच्याकडे पाच सुयांवर. चार सुयांवर टाके वाटलेले आणि पाचवीनं विणायचं. साळिंदर हातात धरल्यासारखं वाटतं. मी बोटापासून सुरुवात केली, कारण आमचा मोजा बोटापासून वर चढतो. आई बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "उसव." मी उसवायचो. पुन्हा विणायचो. "उसव मेल्या, हा मोजा आहे की चाळणी?" आठवडाभर मी फक्त उसवलं. बाहेर कमरेइतका बर्फ, दार उघडायची सोय नाही, आत चुलीचा धूर आणि आईचं तोंड. तुरुंगात निदान कैदी तरी बदलतात हो.

टाका हळूहळू जमला. नक्षी जमेना. घरात जुनी जोडी एकही उरली नव्हती, माझ्या लग्नातली केव्हाच झिजून गेली. नक्षी आईकडून लेकीकडे जाते, माझ्या आईला ती ठाऊक नाही; ती आता फक्त शकरमोच्या डोक्यात होती. आणि शकरमो फोनवर.

आमच्या गावात फोन लागतो तो एकाच जागी, शाळेमागच्या मोठ्या दगडावर. दर सोमवारी शकरमोला सुट्टी. त्या दिवशी दुपारी मी बर्फ तुडवत चौकोनी रेघांची वही घेऊन तिथे जायचो. तिथे अर्धा गाव आधीच आपापल्या मॉस्कोशी बोलत उभा असायचा. शेजारचा बख्तोवर तर मला बघितला की सुरू व्हायचा. "या या, सूनबाई आल्या! काय गं, सासू नीट वागवते ना?"

"तुझ्या तोंडाला टाके घालायला शिकतोय," मी म्हणायचो. लोक हसायचे. मीही हसायचो, पण कान तापायचे.

"हं, सांग," मी फोनवर म्हणालो. "पहिली ओळ. किती काळे, किती पांढरे?"

"किती म्हणजे?" शकरमो म्हणाली. "मेंढा उठला, दोन पावलं चालला, मान वळवली, पाणी प्याला. मग पुन्हा मेंढा उठला."

"अगं, आकडे सांग आकडे!"

"आकडे मला काय माहीत? आईनं मला असंच शिकवलं. म्हणत म्हणत विणायचं. हात मोजतात, मी नाही मोजत."

मी कपाळावर हात मारला. मग आम्ही एकेक शब्द सोडवायला बसलो. ती फोनच्या पडद्यावर रिकाम्या हवेत बोटं हलवायची, डोळे मिटून पुटपुटायची आणि अचानक म्हणायची, "उठला म्हणजे एक काळा नि तीन पांढरे... थांब, दोन पांढरे." मी वहीत चौकोन काळा करायचो. पुसायचो. तिच्यामागे लोखंडी पलंगांवर बसलेल्या दोन बायका कांदे चिरता चिरता ऐकत असायच्या आणि मध्येच सांगायच्या की त्यांच्या गावात मेंढा आधी पाणी पितो. असे तीन सोमवार गेले. तेव्हा कुठे वहीत ती नक्षी उभी राहिली, वळलेल्या शिंगांची, एकाखाली एक. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून काही करत होतो.

आता नकाशा हातात होता. म्हणजे माझं राज्य, असं मला वाटलं. पण फरशीला कड असते. अर्धं शिंग उरलं तर मी कापून भिंतीला लावीन. मोज्याला कडच नाही, तो गोल गोल फिरतो आणि अर्धं शिंग पुन्हा पहिल्या शिंगावर येऊन आदळतं. दोनदा त्यातच उसवावं लागलं. मग दुसऱ्या रंगाचा, मोज्याच्या आतून नेलेला धागा मी फरशीच्या दोरीसारखा ताणून धरला, तर मोजा दिसायला एक नंबर आणि टाचेपुढे पाय जाईना. सावसननं घालून बघितला, एका पायावर उड्या मारल्या आणि चुलीजवळ पडली.

"तात, नवरदेवाला लंगडत आणायचाय का?" ती हसता हसता म्हणाली.

नवरोज झाला. मग एक दिवस जोडी पुरी झाली. धागा सैल, टाका सारखा, शिंगं ठसठशीत. दोन्ही मोजे मी आईच्या मांडीवर ठेवले आणि समोर बसलो, शाबासकीसाठी, लाज वाटते सांगायला. आईनं ते झरोक्याच्या उजेडात डोळ्यांशी नेले. एक बघितला, दुसरा बघितला. आणि अंगावर झुरळ पडल्यासारखे दोन्ही फेकून दिले.

"मुडद्या, कुणाला मारायला निघालास?"

"काय झालं?"

"दोन्ही एकीकडेच बघतात! दोन्ही! अरे ही मयताची जोडी केलीस तू!"

फेकलेले मोजे मी उचलून शेजारी शेजारी धरले. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे जिवंत माणसाच्या मोज्यांवरची शिंगं एकमेकांकडे बघतात, डाव्या मोज्यावरची उजव्या पायाकडे, उजव्यावरची डाव्याकडे. मेलेल्या माणसाला घालतात त्या जोडीची दोन्ही एकाच दिशेला असतात, कारण तो एकीकडेच निघालाय, वळून बघायचं नाही. मी बापाच्या पायात स्वतःच्या हातानं तशी जोडी चढवलीय. पण हातात वही आली आणि मी फरशीवाला झालो. फरशीचे सगळे तुकडे एकसारखे बसले तर कारागीर चांगला. मी दुसरा मोजा पहिल्यासारखा हुबेहूब केला होता आणि वर छाती फुगवून बसलो होतो.

सोमवारी शकरमोला सांगितलं. ती म्हणाली, "लग्नाला किती दिवस राहिले?"

"बारा."

"पुढच्या सोमवारपर्यंत जोडी सरळ झाली नाही तर मी येते."

"वेड लागलंय का? शिक्का बसेल तुला."

"बसू दे. माझ्या पोरीच्या लग्नात मयताचे मोजे नाही चालणार. तुला नाही जमलं तर मी येईन आणि बसून करीन." आणि तिनं फोन ठेवला.

घरी येताना माझे पाय हलके झाले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो. मी चुकलो तर ती येणार होती. नुसतं हात चालवायचं थांबवलं की झालं. काही वाईट करायचं नाही, फक्त एक मोजा तसाच राहू द्यायचा. रस्ता नुकताच मोकळा झाला होता. एक दिवस गाडी पुलाशी थांबेल आणि ती उतरेल.

मी दुसरा मोजा उसवला. नवीन टाके घातले. आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. आई विचारायची, "झालं किती?" मी म्हणायचो, "होतंय."

तिसऱ्या दिवशी मी मेंढ्यांना चारा टाकत होतो तेव्हा सावसन मागे येऊन उभी राहिली. "तात," ती म्हणाली, "तुम्ही विणत नाही आहात, मी बघितलंय."

"बोटं दुखतात."

"दुखू देत. नका विणू." तिनं माझी बाही धरली. "तात, मी कधी काही मागितलंय का? आई मॉस्कोला गेली तेव्हा मी सोळाची होते. मला तिच्याशिवाय निघायचं नाहीये हो या घरातून. तुमची जोडी चुकू द्या ना, म्हणजे आई येईल. एवढं करा माझ्यासाठी."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पेंढी टाकली आणि आत येऊन झरोक्याखाली बसलो. राग तिचा नव्हताच. तिनं माझ्याच मनातलं माझ्या तोंडावर बोलून दाखवलं होतं.

तिथे बसल्या बसल्या मी समोरची भिंत बघितली. ती भिंत मला पाठ आहे. कुठे माती सुटलीय, कुठे धुरानं काळी पडलीय, कुठल्या खांबाला किती भेगा आहेत. तीन वर्षं मी तीच वाचतोय. शकरमो आली की पहिले दोन दिवस आनंद. मग लग्न. मग सावसन निघून जाईल. आणि मग शकरमो या भिंतीसमोर बसेल, पाच वर्षं, माझ्या शेजारी. तिथे ती खालमानेनं जगते, पण निदान पायावर उभी आहे. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर ट्रामनं फिरते, डोक्याचा रुमाल बदलते, मला सांगते की आज तळ्यातली बदकं बघितली. मला जे झालंय ते मी तिला बोलावून आणून देणार होतो, तेही मोजा न विणून. थू माझ्या जिनगानीवर, असं मी मोठ्यानं म्हणालो.

"काय झालं रे शोद्या?" आईनं विचारलं. माझं नाव शोदमान, पण तिच्या तोंडी ते कधी धड आलेलं नाही.

"काही नाही. उजेडातून जरा सरक."

मग मी विणायला लागलो. वहीतलं पान आरशासमोर धरून उलटं उतरवून घेतलं. मेंढा उठला, दोन पावलं चालला, मान वळवली, पण दुसरीकडे. प्रत्येक ओळीला मी शकरमोला एक पाऊल मागे ढकलतोय हे मला कळत होतं आणि हात थांबत नव्हते. आता ते शिकले होते ना. शिकलेला हात चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही. सावसन चहा आणून ठेवायची, दूध, मीठ, लोणी, सगळं नीट घालून, आणि माझ्याकडे न बघता जायची. रविवारी दुपारी झरोक्याखाली शेवटचा टाका बंद केला. आईनं जोडी उजेडात धरली, बराच वेळ. "हं," म्हणाली. तिच्याकडून हे म्हणजे पुष्कळ.

सोमवारी सावसन माझ्याबरोबर दगडावर आली. दगडाभोवतीचा बर्फ वितळून चिखल झाला होता. बख्तोवर होताच. शकरमो फोनवर दिसली, कोट घातलेली.

"दाखव," ती म्हणाली.

मी एक मोजा धरला.

"दुसरा लाव शेजारी. अजून जवळ."

शिंगं एकमेकांकडे बघत होती. पडद्यावर ती हलेना. मला वाटलं फोन अडकला.

"शकरमो?"

"आहे." तिनं नाक ओढलं. "चांगले झालेत रे. माझ्यापेक्षा तुझा टाका सारखा आहे."

"अरे वा! सूनबाई पास!" बख्तोवर ओरडला. सावसननं त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला जाऊन दुसऱ्या कुणाशी बोलायला लागला.

"मग झालं ना?" मी म्हणालो. "आता तुला यायची गरज नाही."

तिनं कोटाचं वरचं बटण काढलं. मग म्हणाली, "मी उद्याचं तिकीट काढलंय."

"काय?"

"मागच्याच सोमवारी काढलं. फोन ठेवला आणि गेले. मला खात्री होती रे, तुला काही ते जमणार नाही." ती हसायला गेली. "पोरीसाठी बूट घेतले. पिशवी भरून ठेवलीय." मग हळूच म्हणाली, "तिकीट परत देऊ का?"

माझ्या जिभेवर 'ये' होतं. देवाशप्पथ होतं. सावसन माझ्या तोंडाकडे बघत होती. एकाच शब्दाचं काम होतं आणि तो शब्द आमच्या तिघांनाही हवा होता.

"दे परत," मी म्हणालो.

"बरं," शकरमो म्हणाली.

मला पुढचं दिसेना. सावसननं माझ्या हातातून फोन काढून घेतला, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि फोन तोंडाशी नेला.

"आई," ती म्हणाली, "तात रडतायत गं."

"रडू दे त्याला," शकरमो म्हणाली. "मोजे तेवढे ओले करू नको म्हणावं."